बुरशीच्या नक्षीचं मऊ लाकूड आणि हाताने कातलेलं पेन

कातीव

लेथवर, म्हणजे लाकूड गोल फिरवून कातायच्या यंत्रावर, पेन कातणाऱ्यांकडून एक तक्रार नेहमी ऐकू येते. स्पाल्टेड, म्हणजे बुरशीने नक्षी उमटलेल्या, लाकडाचा ठोकळा दिसायला देखणा असतो, काळ्या रेघांची नक्षी, मध्येच पांढरे पट्टे. पण पटाशी लावली की पांढरा भाग उपटून येतो, टोकं तुटतात आणि शेवटी हातात पितळेची नळी आणि भुसा उरतो. मग माणूस त्या लाकडाचा नादच सोडतो. तसं होऊ नये, म्हणून हा धागा. मला जे जमतं ते सविस्तर लिहितो, तुम्ही भर घाला, खोडून काढा.

माझं म्हणणं असं आहे की या लाकडात फिनिशचं काम पहिल्या कापाच्या आधीच सुरू होतं. ठोकळा कुठे किती कुजलाय हे ओळखायचं आणि त्याप्रमाणे त्याला घट्ट करून घ्यायचं. ही पायरी नीट झाली तर पुढे साधी धारदार पटाशीही पुरते. ती गाळली तर महागातलं हत्यारही काही करू शकत नाही.

आधी लाकूड. पडलेलं खोड ओलं राहिलं की त्यात बुरशी शिरते. काही बुरशा लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू कडक ठेवणारं द्रव्य, खातात, तो भाग पांढरट आणि हलका होतो. काही बुरशा आपली हद्द आखून घेतात, त्या हद्दीच्या काळ्या रेघा आपल्याला हव्या असतात. गंमत अशी की रेघ स्वतः कठीण असते आणि तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड मऊ. म्हणजे एकाच ठोकळ्यात दोन-तीन प्रकारचं लाकूड हाताळायचं असतं. सगळ्या अडचणींचं मूळ इथे आहे. चिंच, आंबा, मेपल, बीच, बर्च या झाडांत ही नक्षी छान उतरते, कारण मूळ लाकूड फिकट रंगाचं असतं आणि रेघ उठून दिसते.

परीक्षा अंगठ्याच्या नखाची. पांढऱ्या भागावर नख दाबा. खूण जेमतेम उमटली तर लाकूड पक्कं आहे, साध्या लाकडासारखं काता. नख रुतलं आणि खड्डा तसाच राहिला, तर ते घट्ट करून घ्यायला हवं. नखाने पापुद्रे निघाले, चुरा झाला, तर पातळ सुपरग्लूने भागणार नाही, व्हॅक्यूमखाली, म्हणजे पंपाने हवा काढून, रेझिन (नंतर घट्ट होणारा राळेसारखा द्रव) पाजावं लागेल. आणि लाकूड तपकिरी होऊन त्याला चौकोनी भेगा पडल्या असतील तर ती वेगळी कूज आहे, तिच्यात नक्षीही नसते आणि ताकदही नसते. तो तुकडा बाजूला ठेवा.

नख रुतणाऱ्या लाकडाचं पेन होऊच कसं शकतं, असं कुणाला वाटेल. साध्या स्लिमलाइन किटचा, म्हणजे बारीक अंगाच्या पेनाच्या तयार भागांच्या संचाचा, हिशेब बघा. लाकडाच्या आत बसणारी पितळेची नळी ७ मिमीची. निबच्या टोकाला बुशचा, म्हणजे कातताना टोकाला बसवायच्या मापाच्या कडीचा, व्यास साधारण सव्वाआठ ते साडेआठ मिमी. म्हणजे तिथे लाकडाची भिंत उरते पाऊण मिलिमीटरच्या आसपास. ताकद नळीची असते, लाकूड तिच्यावरची कातडी. ही कातडी आतून गोंदाने आणि बाहेरून फिनिशने धरून ठेवली की मूळ लाकूड मऊ होतं याने काही बिघडत नाही. पण त्या दोन्हींमध्ये सुटलेली जागा, पोकळी किंवा कोरडा मऊ थर राहिला की तो भाग तिथेच फुटतो.

म्हणून भोक पाडणं आणि नळी चिकटवणं यात घाई नको. ठोकळा साधारण १९ मिमी चौकोनी ठेवा, त्याहून बारीक नको. किटला लागते त्यापेक्षा लांबीला जरा जास्त ठेवा. भोक पाडताना ड्रिल दुसऱ्या टोकातून बाहेर काढू नका. मऊ लाकडाची मागची बाजू ड्रिल बाहेर पडतानाच उडते. थोडं आधी थांबायचं आणि जास्तीचा तुकडा करवतीने कापून भोक उघडायचं. वेग कमी, मिनिटाला पाच-सातशे फेऱ्यांच्या आसपास, आणि ड्रिल सारखं मागे घेऊन भुसा काढायचा. भुसा आत कोंडला की तापतो आणि ठोकळा तडकतो.

भोक झालं की त्यात पातळ सुपरग्लू ओतून फिरवून घ्या. मऊ भिंत ते लगेच पिते. मग पूर्ण वाळू द्या आणि तेच ड्रिल हाताने एकदा आतून फिरवा, कारण गोंदाने भोक किंचित आवळलेलं असतं. हे वाळणं महत्त्वाचं. आत ओला सुपरग्लू असताना नळी घातली तर ती अर्ध्या वाटेत पकडली जाते आणि मग ना पुढे जाते ना मागे येते. नळीला दीडशे नंबरच्या पॉलिश पेपरने बाहेरून खरवडा, तोंडं मेणाने बंद करा म्हणजे गोंद आत जाणार नाही, आणि चिकटवायला इपॉक्सी वापरा. सुपरग्लू फटी भरत नाही, इपॉक्सी भरतं. नळी आत घालताना फिरवत फिरवत घाला. लाकूड फारच फिकट असेल तर नळीला आधी पांढरा रंग द्यावा, कारण गोंद प्यायलेलं पातळ लाकूड थोडं पारदर्शक होतं आणि खालचं पितळ डागासारखं दिसू शकतं.

लेथवर वेग जास्त आणि काप हलका. मी दोन हजारांच्या वर चालवतो. तिरकी पटाशी, म्हणजे स्क्यू, हातात बसली असेल तर तिच्यासारखं हत्यार नाही, ती तंतू कापते. कार्बाइडचं चौकोनी पातं सपाट धरलं तर ते खरवडतं आणि मऊ तंतू मुळासकट उपटतं. तेच पातं पंचेचाळीस अंशांनी तिरकं धरलं तर काप पुष्कळ सुधारतो. गोलाई येईपर्यंत सर्वात जास्त धोका, कारण तेव्हा कोपरे आदळत असतात. गोल झालं की लेथ थांबवा, पातळ सुपरग्लू पाजा, वाळू द्या, पुन्हा काता. बुशच्या व्यासाच्या जवळ आल्यावर पुन्हा एकदा. गोंद बाजूच्या तंतूंतून फार खोल जात नाही, आपण कातत कातत त्याच्या खाली उतरतो, म्हणून प्रत्येक टप्प्याला नव्याने पाजावा लागतो.

घासण्याबद्दल एकच सांगतो. पॉलिश पेपर बोटाने दाबू नका. बोट मऊ जागी आत जातं, काळी रेघ मात्र कठीण म्हणून तशीच राहते, आणि पेनावर लाटा तयार होतात. डोळ्यांना लगेच दिसत नाहीत, चकाकी आल्यावर दिसतात. पेपरच्या मागे सपाट कडक पट्टी धरा. पटाशीने पृष्ठभाग इतका नितळ आणा की २४० पासून सुरुवात करता येईल.

फिनिशवर मुद्दामच अजून लिहिलेलं नाही, तिथे मतं खूप आहेत. आधी तुमचे अनुभव येऊ द्या.

शिसवी

फार उपयोगी धागा. माझी अडचण नळी चिकटवल्यानंतर येते. टोकं काटकोनात आणायला बॅरल ट्रिमर लावला की शेवटचा मिलिमीटरभर लाकूड निघून येतं, नेमकं पांढऱ्या पट्ट्यात. आंब्याचा ठोकळा आहे, नक्षी सुंदर आहे, टाकून द्यायला जीव होत नाही. ट्रिमरला धार लावून घेतली तरी तेच.

कातीव

शिसवीताई, मऊ लाकडात ट्रिमर टाळाच. त्याची पाती टोकाच्या तंतूंना आडवा धक्का देतात, आणि काठावर त्या तंतूंना धरून ठेवायला पलीकडे काही नसतं. त्याऐवजी सँडिंग डिस्क घ्या. नळीत घट्ट बसणारा दांडा डिस्कला काटकोनात येईल असा एक साधा सांगाडा करा आणि टोक हलकेच टेकवत जा. पितळेची कड चकाकली की थांबायचं. त्याच्या पुढे गेलात तर नळीच आखूड होते आणि किटची यंत्रणा बसत नाही, रिफिल नको तेवढं बाहेर येतं.

ट्रिमरशिवाय पर्याय नसेल तर आधी दोन्ही टोकांच्या कापावर पातळ सुपरग्लू पाजा. टोकाकडून तो तंतूंच्या वाटेने बराच आत जातो, बाजूने जातो त्यापेक्षा पुष्कळ जास्त. पूर्ण वाळल्यावर ट्रिमर हाताने फिरवा, मशीनवर नको.

आता जो तुकडा निघालाय तो सापडला असेल तर परत चिकटवा. नसेल तर त्याच ठोकळ्याच्या कापातला काळसर भुसा त्या जागी दाबून भरा आणि वर पातळ सुपरग्लूचे थेंब सोडा. पांढरा भुसा वापरलात तर तो गोंद पिऊन पिवळट मातकट दिसतो, काळसर भुसा मात्र रेघांत मिसळून जातो. स्पाल्टेड लाकडाचा हा मोठा फायदा आहे, नक्षी मुळातच इतकी अनियमित असते की दुरुस्ती शोधूनही सापडत नाही.

पाचर

कातीव यांनी पातळ सुपरग्लूवर भर दिला आहे, मला व्हॅक्यूमची बाजू सविस्तर मांडायची आहे. चुरा होणाऱ्या लाकडाला तोच उपाय आहे, आणि तो अर्धवट केला जातो म्हणून बदनाम होतो.

इथे वापरतात ते उष्णतेने घट्ट होणारं मेथाक्रिलेट जातीचं रेझिन, कॅक्टस ज्यूस हे त्यातलं सर्वांच्या ओळखीचं नाव. इपॉक्सी या कामाला फार दाट पडतं, ते लाकडाच्या आत पोचत नाही.

पहिली अट कोरडेपणाची. हवेत वाळलेल्या लाकडातही पाणी असतं. ठोकळे ओव्हनमध्ये साधारण १०५ अंश सेल्सिअसला ठेवा, किमान चोवीस तास. मधून मधून वजन करा. दोन वजनांत फरक पडेनासा झाला की पाणी संपलं. तराजू हाच पुरावा, घड्याळ नाही. बाहेर काढल्याबरोबर हवाबंद पिशवीत घालून गार होऊ द्या. उघडे ठेवले तर ते हवेतला ओलावा परत ओढून घेतात, आणि गरम असतानाच रेझिनमध्ये बुडवले तर रेझिन भांड्यातच घट्ट व्हायला लागतं.

मग ठोकळे रेझिनमध्ये वजनाखाली बुडवून व्हॅक्यूम लावा. फेस येतो, तो लाकडातली हवा बाहेर पडत असल्याचा. बुडबुडे जवळपास थांबेपर्यंत पंप चालू ठेवायचा. कित्येक तास लागू शकतात, कुजलेल्या लाकडात पोकळ्याच जास्त असतात. इथे लोक एक गोष्ट विसरतात. व्हॅक्यूमने रेझिन आत जात नाही, फक्त हवा बाहेर येते. रेझिन आत जातं ते व्हॅक्यूम सोडल्यावर, बाहेरच्या हवेच्या दाबाने. म्हणून पंप बंद केल्यावर ठोकळे लगेच काढायचे नाहीत. जितका वेळ पंप चालला त्याच्या दुप्पट तरी तसेच बुडवून ठेवा, रात्रभर ठेवलेत तर उत्तम.

नंतर निथळून, प्रत्येक ठोकळा वेगळा फॉइलमध्ये गुंडाळून ९० ते ९५ अंशांना ओव्हनमध्ये. ठोकळ्याचा गाभा त्या तापमानाला पोचायला हवा, ओव्हनचा काटा पोचून उपयोग नाही. पेनाचा ठोकळा बारीक असतो म्हणून तासा-दोन तासांत काम होतं. बाहेर जमलेलं रेझिन खरवडून टाका आणि पुन्हा वजन करा. मऊ कुजलेला ठोकळा वजनाने कधी कधी दुप्पट भरतो. वजन फारसं वाढलं नसेल तर रेझिन गाभ्यात गेलेलं नाही, भोक पाडताना आत कोरडा भुसाच मिळेल.

ओव्हन या कामासाठी वेगळा ठेवा, त्यात पुन्हा अन्न करू नये. खोलीत हवा खेळती हवी, वास उग्र असतो.

जुनं_खोड

दोघांचंही वाचलं. कष्ट घेऊन लिहिलंय, आदर आहे. पण मला वेगळं मांडायचंय.

व्हॅक्यूमखाली रेझिन पाजलं, वर सुपरग्लूचे थर दिले, घासून आरशासारखं केलं. आता हातात जे येतं त्याचा स्पर्श लाकडाचा राहिलेला नाही. डोळे मिटून धरलं तर ते प्लॅस्टिकचं पेन आहे. नक्षी काचेखाली ठेवल्यासारखी दिसते. ज्याला चकाकी आवडते त्याच्यासाठी ठीक. मला लिहिताना बोटांना लाकूड कळायला हवं.

माझी वाट निवडीची आहे. कूज नुकती सुरू झालेली असते, रेघा उमटलेल्या असतात पण लाकूड अजून पक्कं असतं, तेव्हाच ते खोडातून काढून वाळवायचं. ओलावा वीस टक्क्यांच्या खाली गेला की बुरशीची वाढ थांबते. म्हणजे कूज कुठे थांबवायची हे आपल्या हातात असतं. असं लाकूड घेतलं तर पटाशीच्या धारेवर सगळं होतं, फार तर एखाद्या पांढऱ्या ठिपक्याला गोंदाचा थेंब. वर हलका लाखेचा हात, आणि त्यावर कडक मेण-तेलाचं मिश्रण. वापरता वापरता त्याला जी झाक येते ती सुपरग्लूला येत नाही.

आणि जे लाकूड नखाने चुरडतं त्याचं पेन करण्याचा अट्टाहास का? ते मातीत जायला निघालेलं असतं, जाऊ द्यावं.

कातीव

निवडीबद्दल शंभर टक्के सहमत. ज्याला खोडच मिळतंय त्याने योग्य वेळी कापावं, याहून चांगला उपाय नाही. पण बहुतेकांच्या हाती कापलेला ठोकळा येतो, आणि सर्वात दाट नक्षी बहुधा सर्वात मऊ भागाला लागून असते. ती सोडून द्यायला माझं मन तयार होत नाही.

स्पर्शाबद्दल तुमचं म्हणणं पटतं. म्हणूनच घट्ट करणं आणि वरचं फिनिश या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात. आतून रेझिन प्यायलेल्या लाकडावर सुपरग्लूचा काचेसारखा थर द्यायलाच हवा असं अजिबात नाही. व्हॅक्यूमवाला ठोकळा बारीक पेपरपर्यंत घासून नुसतं मेण चोळलं तरी तो हाताला लाकडासारखा लागतो आणि घामालाही टिकतो.

लाखेबद्दल मात्र सावध करतो. लाख, तेल आणि मेण मिसळून लेथवर चोळून केलेलं पॉलिश पहिल्या दिवशी सुरेख दिसतं. पण पेन ही रोज तासन्‌तास घामट बोटांत राहणारी वस्तू आहे. पकडीच्या जागी ते पॉलिश उडतं, आणि उघड्या पडलेल्या पांढऱ्या मऊ लाकडात मळ शिरतो. एकदा शिरला की तो काढायला लाकूडच घासावं लागतं, आणि तिथे घासायला पाऊण मिलिमीटरसुद्धा नसतं. गडद, टणक लाकडाच्या पेनावर लाख शोभते, झीजही दिसत नाही. स्पाल्टेडवर दिसते. जवसाच्या तेलाचंही तसंच, ते पांढऱ्या भागाला पिवळेपणा देतं आणि काळ्या रेघेचा उठाव कमी करतं. तेल वापरणाऱ्यांनी तेलाचे बोळे चुरगळून टाकू नयेत. जवसाचं तेल सुकताना तापतं, गोळा केलेला बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

अळंबी

बुरशांचा अभ्यास हा माझा विषय, पेनं कातणं हौस. त्यामुळे थोडी भर.

कातीव यांनी हद्दीच्या रेघा म्हटलं ते बरोबर आहे. त्या रेघांत मेलॅनिन हे काळपट रंगद्रव्य असतं. एकाच ओंडक्यात दोन बुरशा भेटल्या की त्या अशा भिंती उभ्या करतात, पण काही एकट्यानेही करतात. झायलारिया पॉलिमॉर्फा ही त्यातली नावाजलेली. पांढरा भाग करणाऱ्यांत ट्रामेटेस व्हर्सिकलर नेहमी सापडते, सालीवर रंगीत पट्ट्यांचे पंखे दिसतात ती. तिसरा प्रकार रंगाचा. क्लोरोसिबोरिया नावाची बुरशी लाकडाला निळसर हिरवा रंग देते. हा रंग उन्हाने, काळाने सहसा विटत नाही. इटलीत पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या लाकडी जडावकामात पानं आणि डोंगर दाखवायला हेच लाकूड वापरलेलं आहे, आणि त्यातला हिरवा आजही ओळखू येतो. पेनवाल्यांसाठी आनंदाची गोष्ट अशी की ही बुरशी लाकडाची ताकद फारशी खात नाही. हिरवा तुकडा मिळाला तर तो मऊ असेल असं गृहीत धरू नका.

जुनं_खोड यांचा वीस टक्क्यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. वाढीसाठी बुरशीला साधारण पंचवीस-तीस टक्क्यांच्या वर ओलावा लागतो. वाळलेल्या, फिनिश केलेल्या पेनात ती वाढत नाही, त्यामुळे "पेन हळूहळू कुजेल का" ही भीती सोडा.

पण धुळीची भीती सोडू नका. बुरशीच्या लाकडाबद्दल बऱ्याच अतिशयोक्त गोष्टी सांगितल्या जातात, त्यात मी जात नाही. साधी लाकडाची धूळच पुरेशी वाईट आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातली, नाकाच्या पोकळीतल्या कर्करोगामुळे. कुजलेलं लाकूड साध्यापेक्षा फार बारीक धूळ देतं, वर त्यात बीजाणू असू शकतात, दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना त्याचा लगेच त्रास होतो. कापडी रुमाल चालत नाही. एन-९५ किंवा त्याहून चांगला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क, आणि धूळ तोंडाजवळ येण्याआधीच ओढून घेणारी नळी. ठोकळा आधी घट्ट केला असला तरी मास्क हवाच.

नवी_पटाशी

माझ्याकडे व्हॅक्यूम पंप नाही, छोटा लेथ आहे. हातातला ठोकळा कातीव यांच्या परीक्षेत मधला आहे, नख रुततं पण चुरा होत नाही. नुसता पातळ सुपरग्लू पुरेल? आणि तो रेझिनच्या भांड्यात नुसता बुडवून ठेवला तर?

पाचर

नुसतं बुडवून ठेवून फार काही साधत नाही. आतली हवा बाहेर यायला वाटच नसते. दोन्ही टोकांकडून थोडं आत जातं, मधला भाग कोरडा राहतो. तुमच्या ठोकळ्याला सुपरग्लू पुरेल. फक्त क्रम पाळा: भोक, भोकाच्या आतून गोंद, नळी, मग बाहेरून प्रत्येक टप्प्याला गोंद. आतून आणि बाहेरून पाजलेले थर मधोमध भेटले पाहिजेत, आणि शेवटची भिंत इतकी पातळ असते की ते भेटतात.

एक धोका सांगतो. मऊ लाकडात खूप गोंद एकदम ओतला तर तो झपाट्याने तापतो, धूर येतो. तो डोळ्यांना झोंबतो, म्हणून चष्मा हवा आणि चेहरा वर आणायचा नाही. थोडा थोडा ओता. पुसायला सुती कापड कधीच घेऊ नका, सुपरग्लू कापसावर पडला की तो भराभर तापतो, बोट भाजेल. साधा टिश्यू पेपर घ्या.

किट अजून घेतलं नसेल तर स्लिमलाइनने सुरुवात करू नका. जाड अंगाचं, एकाच नळीचं किट घ्या. भिंत जाड राहते, मधला जोड नसतो आणि मऊ लाकडाच्या चार टोकांऐवजी दोनच टोकं सांभाळावी लागतात.

शिसवी

डिस्कवर टोकं छान आली, ट्रिमर कायमचा बाजूला ठेवलाय. पेनही झालं. आता फिनिशचा प्रश्न. मध्यम सुपरग्लूचे थर दिले, पाण्याने ओलं करून मायक्रोमेशने, म्हणजे अतिबारीक घासायच्या पॅडने, घासलं, बारा हजार नंबरपर्यंत गेले. चकाकी सुंदर आहे. पण दुसऱ्या दिवशी एका टोकाकडून पांढुरकी झाक आत सरकताना दिसली. पांढऱ्या पट्ट्याच्या जागीच. थराच्या वर आहे की खाली तेच कळत नाही.

कातीव

खाली आहे. पाणी टोकाच्या कापातून शिरलं. पेनाच्या अंगावर थर असतो, पण टोकाचा गोल काप उघडा राहतो, आणि मऊ स्पाल्टेड लाकूड तिथून पाणी ओढतं. थर दिल्यावर, ओलं घासण्याच्या आधी, दोन्ही टोकांच्या कापावर पातळ सुपरग्लूचं बोट फिरवायचं. वाळल्यावर ते सपाट करून घ्यायचं, म्हणजे किटचे भाग नीट बसतील. मी तर या लाकडावर पाण्याऐवजी कोरडंच घासतो. वेग अगदी कमी ठेवून, पॅड वरचेवर झटकून.

पांढुरकेपणा दुसऱ्याही कारणाने येतो, तेही सांगून ठेवतो. सुपरग्लू ओलाव्याने घट्ट होतो. हवेतला आणि पृष्ठभागावरचा नकळत ओलावा त्याला पुरतो. लाकूड आतून ओलं असेल तर तो फार वेगाने घट्ट होतो आणि दुधाळ दिसतो. ॲक्सिलरेटर, म्हणजे गोंद झटपट घट्ट करणारा द्रव, जास्त फवारला तरी बुडबुडे अडकून तसाच दिसतो. लांबून, एक हलका फवारा, आणि तोही फक्त शेवटच्या जाड थरांना. पातळ थर आपोआप वाळू द्यावेत.

आता तुमचं पेन. किट अजून दाबून बसवलं नसेल तर नळी ऊबदार कोरड्या जागी काही दिवस ठेवा. झाक नुसत्या पाण्याची असेल तर पुष्कळदा निघून जाते. थर लाकडापासून सुटला असेल तर मात्र नाही जाणार. ओळखायचं कसं, तर नखाने त्या जागी हलकं दाबा. किंचित टिकटिक आवाज आला, थर दबल्यासारखा वाटला, की सुटलाय. मग तिरक्या पटाशीने सगळं फिनिश काढून लाकडापर्यंत या, चांगलं वाळू द्या, पातळ गोंद पाजा आणि पुन्हा थर द्या. ॲसिटोनने थर विरघळतो, पण तो लाकडात पाजलेला गोंदही सैल करतो, म्हणून इथे तो नको.

शिसवी

टिकटिक नाही. दाबून बसवलेलंही नाही. वाळायला ठेवते.

जुनं_खोड

शिसवी, वाळल्यावर थर देताना लोखंडी बुश काढून त्या जागी डेल्रिन या प्लॅस्टिकचे बुश लावा. त्यांना सुपरग्लू चिकटत नाही. लोखंडी बुश चिकटून बसला आणि तो ओढून काढला की थराची कड उचलली जाते, आणि पुढे हवा-पाणी त्याच फटीतून शिरतं. मी सुपरग्लूचा भक्त नाही, पण द्यायचाच तर कड मिटलेली हवी.

नवी_पटाशी

एक शेवटचं. स्लिमलाइनच घेतलंय, बदलून मिळणार नाही. दोन तुकडे कापल्यावर काळी रेघ जोडावर तुटते, ती जुळवायची कशी?

अळंबी

कापण्याआधी ठोकळ्याच्या एका अंगावर लांबीभर पेन्सिलची तिरकी रेघ ओढा आणि मधल्या कापाच्या दोन्ही बाजूंना बाण करा. बारीक पात्याच्या करवतीने कापा, जाड पातं दोन-तीन मिलिमीटरची नक्षीच खाऊन टाकतं. मग त्याच कापलेल्या तोंडांकडून दोन्ही तुकड्यांना भोकं पाडा. ड्रिल थोडं भरकटलं तरी जोडाजवळ ते मधोमध राहतं, भरकटतं ते दूरच्या टोकाला, आणि तिथे जुळवायचं काही नसतं. मॅन्ड्रेलवर, म्हणजे तुकडे ओवून लेथवर लावायच्या दांड्यावर, चढवतानाही कापलेली तोंडं एकमेकांकडे ठेवा.

आणि ठोकळा खोडातून स्वतः कापणार असाल तर लांबीच्या सरळ रेषेत कापू नका, थोडा तिरका कापा. हद्दीच्या रेघा बहुधा तंतूंच्या दिशेने पळतात. सरळ ठोकळ्यात एकच रेघ पेनभर जाते, तिरक्या ठोकळ्यात त्या आडव्या येतात, संख्येने जास्त दिसतात, आणि जोडावर एखादी अर्धा मिलिमीटर सरकली तरी नजरेत येत नाही. तिरक्या कापात तंतू मात्र आखूड होतात आणि लवकर उपटतात, त्यामुळे गोंद एक टप्पा आधीपासून सुरू करा, म्हणजे ठोकळा चौकोनी असतानाच.